मैना हिलम, तृतीय वर्ष कला

करंजाडे, ९ फेब्रुवारी २०२५

अंकिता,

पाकिटावरचा पत्ता मी ऑफिसात छापून चिकटवलाय. माझं अक्षर दिसलं असतं तर तू उघडलं नसतंस. आता उघडलंच आहेस, तर एक पान तरी वाच.

सहा महिने झाले. बाबांचा फोन तू घेतेस. ते मला येऊन 'बरी हाय' एवढंच सांगतात. काय बोललात असं विचारलं तर गाडी पुसायला खाली जातात.

कॉलेजात सध्या वार्षिक माहिती भरायचं चाललंय. मुलं किती, मुली किती, खुल्या वर्गातले किती, इतर मागास, अनुसूचित जाती, जमाती, मुस्लिम, दिव्यांग; त्यातल्या किती जणांना शिष्यवृत्ती. सगळ्या कॉलेजांचे आकडे वर जातात, त्यांचा राज्याचा तक्ता होतो आणि पुढे कुणीतरी तो भाषणात वाचतं. आपल्या कॉलेजचा भाग इतकी वर्षं मीच भरते. यंदा जमातीच्या मुलींच्या रकान्यात त्रेसष्ट लिहिताना हात थांबला. मग लिहिलं.

तू गेलीस त्या दिवशी जे बोललीस ते मला पाठ आहे. जुन्या फोनवर मेसेज आला होता, तो तू वाचलास. 'मैना हिलम, तृतीय वर्ष कला, आपला शिष्यवृत्ती अर्ज दाखल झाला आहे.' फोन माझ्यापुढे धरून तू विचारलंस, "मैना पहिल्याच वर्षी संक्रांतीला कॉलेज सोडून गेली, आई. मग हा अर्ज कुणी भरला?" मी म्हणाले, मी भरला. तू बॅग भरायला घेतलीस. माझी बाजू ऐकायला थांबली नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आपट्याजवळच्या कातकरवाडीतून मैनाला कॉलेजात तू आणलंस. शिबिराला गेली होतीस, तिथं तुला वाडीतली बारावी झालेली एकुलती एक मुलगी भेटली. तिच्या आईला, गंगाबाईला, तू सांगितलंस, "माझी आई तिथंच नोकरीला आहे, ती बघेल." मी बघितलं नाही असं नाही. फी भरायची गरज नाही, शिष्यवृत्ती येईल, हे तिला मीच सांगितलं. शिष्यवृत्ती आली नाही. फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेता येत नव्हता, म्हणून तिने सोडलं. यात माझा काही हात नव्हता. पोर्टलवर असं पुष्कळांचं होतं.

त्या जानेवारीत वरून समिती येणार होती. जमातीच्या त्रेसष्ट मुलींनी प्रवेश घेतला होता, वर्गात उरल्या होत्या बावीस. प्राचार्यांनी मला आणि हजेरी लिहिणाऱ्या सुरैय्याला बोलावलं. संस्थेचे सचिव धनेशशेठ बसलेच होते. ते म्हणाले, "पोरी काय, आज नाय तर उद्या येतील. तोवर नावं ऱ्हावू देत." सुरैय्या म्हणाली, "सर, जी मुलगी वर्गात नाही तिच्यापुढे मी हजर लिहिणार नाही. मला लायब्ररीत पाठवा." त्यांनी पाठवलं. पुढच्या वर्षी तिचं कंत्राट वाढवलं नाही.

मी मान हलवली. एकेचाळीस मुलींची नावं पटावर ठेवली, पुढच्या वर्षी त्यांना वरच्या वर्गात नेलं आणि त्यांचे अर्ज भरले. शिष्यवृत्तीची रक्कम फी म्हणून कॉलेजला मिळाली. माझ्या घरात त्यातला रुपया आला नाही.

आणि मैना दाखला मागायला आली असती, तर मी दिला असता. ती आलीच नाही.

शिमग्याला ये. गावात पालखी निघेल. तुझी आत्या रोज विचारते आणि मी अभ्यासाचं कारण सांगते.

आई

करंजाडे, २ मार्च २०२५

अंकिता,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. नाशिकचा शिक्का, माझं नाव, पत्ता आणि एक ओळ: 'मैना तीनदा आली होती.'

ते आधी बाबांनी वाचलं. वाचून टीव्हीवर ठेवलं. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ते नेहमीसारखे चहा टाकायला उठले नाहीत.

हो, तीनदा आली होती. तुला तिनेच सांगितलं असणार, आणि मी ऑगस्टात तुझ्यापुढे हे बोलले नाही, कारण तुला ते माहीत नसेल असं मला वाटलं होतं.

पहिल्यांदा आली ती गेल्या जुलैत. जुन्या पनवेलमधल्या प्रसूतिगृहात आयाचं काम करत होती, हे तुला माहीत आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला नर्सिंगचा फॉर्म भरायला लावला होता आणि सरकारी शाळेच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. खिडकीतून तिने तो कागद आत सरकवला. नावाखाली तिने पेनाने रेघ मारली होती. "मॅडम, माझा बारावीचा दाखला हितं जमा हाय. आनि कॉलेज सोडल्याचा पायजे. एकतीस तारीख लास्ट हाय."

मी रजिस्टर उघडलं. त्यात ती तिसऱ्या वर्षात शिकत होती. मी म्हणाले, सर नाहीत, गुरुवारी ये.

गुरुवारपर्यंत सरांशी बोलले. ते म्हणाले, दाखला द्या, पण आजच्या तारखेचा. तिसऱ्या वर्षातून सोडल्याचा. तिच्याकडून तसा अर्ज घ्या. मी अर्ज टाइप करून ठेवला. मैनाने तो उभ्याउभ्या सगळा वाचला. आपल्याकडे मुलं सही कुठे करायची तेवढंच विचारतात. तिने वाचला.

"ह्यात लिवलंय मी जुलैपर्यंत शिकत व्हते."

"कागदापुरतं आहे गं."

"पन मी तर दीड वरसाआधी सोडलं. आनि हितं स्कॉलरशिप घेतली आसं दिसलं तर नर्सिंगला भेटणार नाय. डॉक्टरबाय बोलल्या मला."

"सही केलीस तर आत्ता दाखला देते."

"खरी तारीख लिवून द्या ना, मॅडम. मी कोनाला काय बोलनार नाय."

खरी तारीख लिहिली असती तर दोन वर्षांचे अर्ज खोटे ठरले असते. तिचा एकटीचा नव्हे, एकेचाळीस जणींचे. मी म्हणाले, विचारून सांगते.

तिसऱ्यांदा आली ती एकतीस तारखेला. सकाळी शटर उघडलं तेव्हा ती पायरीवर बसलेली होती. मी तिला म्हणाले, थांब. दुपारी जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, थांब. साडेपाचला खिडकी बंद केली आणि मी प्रयोगशाळेच्या बाजूने मागच्या दाराने बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर बघितलं तर ती अजून खिडकीसमोरच उभी होती. खिडकी बंद झाली म्हणजे दिवस संपला, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एवढंच झालं. तू पोस्टकार्डवर एकच ओळ लिहिलीस ते बरं केलंस.

आई

करंजाडे, १८ मे २०२५

अंकिता,

कॉलेजवर तक्रार गेली आहे. निनावी, टाइप केलेली. सरांनी मला दाखवली. एकेचाळीस नावं आहेत आणि ज्या क्रमाने आहेत तो क्रम फक्त माझ्या हिरव्या वहीत होता. ती वही आपल्या कपाटात, चादरींच्या खाली होती. सरांनी विचारलं, "कुणाचं काम वाटतं तुम्हाला?" मी म्हणाले, सुरैय्याचं नक्की नाही; बाकी सांगता येत नाही. तू काळजी करू नकोस. मी कुणाला सांगणार नाही.

चौकशी जूनमध्ये लागेल. धनेशशेठनी मुलींकडून लेखी घ्यायला सांगितलंय: आम्ही शिकत होतो, घरच्या अडचणीमुळे रोज येता येत नव्हतं. मुलींची वाटणी केली. मैनाचा कागद माझ्याकडे आला. मी मागून घेतला, असंही म्हण.

वाडीवर गेले तर झोपड्या बंद. एक म्हातारी म्हणाली, सगळे भट्टीवर गेलेत, कल्याणच्या पुढे. मैनाचं माघात लग्न झालं. नर्सिंगचं हुकल्यावर ती प्रसूतिगृहातही टिकली नाही. डॉक्टरबाई दुसऱ्या वर्षी परत फॉर्म भरू म्हणत होत्या. मैना म्हणाली म्हणे, कागद हाय कुठं माझा?

रविवारी बाबांनी गाडी काढली.  भट्टीवर पोचलो तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. मैना ओळीत वाकून कच्च्या विटा पलटत होती, वाळायला. मला बघून तिने हात पदराला पुसले आणि बाबांना आधी पाणी दिलं.

मी कागद काढला. पुन्हा तिने सगळा वाचला.

"मॅडम, मला येक सांगा. मी तिसऱ्या वर्साला कशी गेले?"

"नाव पुढे नेलं."

"पन दुसऱ्याला पास झाल्याबिगर तिसऱ्याला कसं नेतात?"

मी म्हणाले, "काही विषय राहिलेले दाखवले."

"किती ऱ्हायले?"

"चार."

ती हसली, अंकिता. खरंच हसली. "चारच? माझं इंग्लिस तर लय कच्चं व्हतं." मग म्हणाली, "बाकीच्यात मला किती मार्क दिले?"

 तिच्या नवऱ्याने लांबून हाक मारली. मुकादम बघत होता. तिने कागद विटेवर ठेवून सही केली. स्वच्छ अक्षरात, पूर्ण नाव. मी विचारलं, "का करतेस सही? तेव्हा तर केली नव्हतीस."

"तवा मला शिकायचं व्हतं," ती म्हणाली. "आता काय फरक पडतोय? तुमची नोकरी तरी ऱ्हाईल."

निघताना म्हणाली, "अंकिताताईला सांगू नका मी भट्टीवर हाय. तिला वाईट वाटंल." मी तरीही सांगते आहे.

परतीच्या वाटेवर पुलाच्या अलीकडे बाबांनी गाडी बाजूला घेतली. "तो कागद तू सायबाला देनार?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, अजून ठरवलं नाही. ते म्हणाले, "देलास तर मी गावातल्या घरात राहायला जाईन." इतक्या शांतपणे म्हणाले की मला आधी कळलंच नाही.

कागद माझ्या पर्समध्ये आहे.

आई

करंजाडे, १० ऑगस्ट २०२५

अंकिता,

तुला बाबांकडून कळलं असेलच. पंचवीस जूनपासून मी निलंबित आहे.

तो कागद मी दिला नाही. चौकशीला आलेल्या बाई तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी पहिलं नाव मैनाचंच घेतलं. मी म्हणाले, ही मुलगी जानेवारी २०२३ नंतर कॉलेजात आलेली नाही. उरलेल्या चाळीसही नाहीत. नावं मी ठेवली, अर्ज मी भरले, सांगितलं सरांनी आणि सचिवांनी. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शिपायाला दार लावायला सांगितलं.

पण लेखी हुकूम माझ्याकडे एकही नव्हता. अशा गोष्टी लिहून कोण देतं? सरांनी मात्र पोर्टलवरची यादी काढून दिली. एकेचाळीसही अर्जांवर एकच मोबाईल नंबर, आणि तो सिम माझ्या नावावर. धनेशशेठ म्हणाले, "आमचा विश्वास व्हता हो तिच्यावर." सर जागेवर आहेत. सचिव जागेवर आहेत.

चौकशीत मला विचारलं, तुम्हाला यातून काय मिळालं. मी म्हणाले, काही नाही. तुलाही मी तेच लिहिलं होतं. ते खरं नाही. नऊ वर्षं मी कंत्राटावर होते. दर जूनला वाटायचं, या वर्षी काढतात की ठेवतात. समिती येऊन गेल्यावर महिनाभरात माझी कायमची ऑर्डर निघाली. आपण पेढे वाटले होते. तू पाच-सहा पेढे कागदात बांधून मैनासाठी नेले होतेस, आठवतं? तिला तेव्हा कॉलेज सोडून दीडेक महिना झाला होता.

हे सगळं झालं तेव्हा मला हलकं वाटलं. एक महिनाभर मी झोपले, जेवले. बाबा पुन्हा चहा टाकायला लागले. मला वाटलं, खरं बोलले, आता जे होईल ते माझं एकटीचं होईल.

गेल्या मंगळवारी दारावर गंगाबाई. वाडीवरून निघून विचारत विचारत करंजाड्यापर्यंत आली होती. आत ये म्हटलं तर उंबऱ्यातच बसली. पोलक्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत नोटीस. वरच्या कार्यालयाची. मैना हिलम हिने शिक्षण घेत नसताना दोन वर्षं शिष्यवृत्तीचा लाभ घेतल्याचं चौकशीत आढळलं आहे, तरी ती रक्कम तिने परत करावी. अन्यथा कारवाई होईल आणि यापुढे कुठलीही शिष्यवृत्ती मिळणार नाही.

"बाय, ह्यात काय लिवलंय?" ती म्हणाली. "पोलीसपाटील बोलला, तुझ्या पोरीनं सरकारचं पैसं खाल्लं."

"तिने नाही खाल्ले, गंगाबाई."

"मंग कोनी?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. तिला पोर्टल कळलं नाही, पट कळला नाही. तिने एवढंच विचारलं, "मंग तू खरं बोल ना जाऊन."

"बोलले. म्हणूनच ही नोटीस आली."

तिने नोटीस माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाली, "पोर भट्टीवरनं आलीय. पोटुशी हाय. तिला पकडून नेतील?" मी नाही म्हणाले. तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही आणि का बसावा? जाताना नोटीस पुन्हा पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली.

अशा नोटिसा एकेचाळीस गेल्यात. मी खोटं लिहिलं तेव्हा या मुलींना कळलंही नव्हतं. खरं सांगितलं तेव्हा त्यांच्या दारात कागद पोचला.

अठरा सप्टेंबरला सुनावणी आहे. ज्या मुली स्वतः येऊन आपण शिकत नव्हतो, पैसे घेतले नाहीत असं पुराव्यानिशी सांगतील, त्यांची नोटीस थांबू शकते. मैना येणार नाही म्हणते. कार्यालय म्हटलं की तिला कापरं भरतं. मी बोलावून ती येणार नाही. तू बोलावलंस तर येईल. माझ्यासाठी नको येऊस. घरीही येऊ नकोस, हवं तर. पण ये.

आई

करंजाडे, २१ सप्टेंबर २०२५

अंकिता,

तू आलीस.

कार्यालयात तू मैनाच्या शेजारी बसलीस, मी समोरच्या भिंतीला. तू बारीक झाली आहेस. केस कापलेस. मैनाने बोलायला सुरुवात केली आणि आवाज फुटेना, तेव्हा तू तिच्या पाठीवर हात ठेवलास. प्रसूतिगृहाच्या हजेरीच्या नकला तू आणल्या होत्यास, त्यामुळेच तिचं काम झालं. ज्या महिन्यांत ती आमच्या वर्गात हजर होती त्याच महिन्यांत ती तिथे बाळंतिणींचे कपडे धुवत होती. चौकशीच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला विचारलं, "हे तुमचं अक्षर?" मी हो म्हणाले. तू वर बघितलं नाहीस.

निकाल लागेपर्यंत तू थांबली नाहीस. नाशिकची गाडी होती, समजलं. म्हणून पुढचं लिहिते.

मैनाची नोटीस थांबवली. एकूण सात मुली आल्या होत्या, सातही जणींची थांबवली. उरलेल्या चौतीस जणींपैकी कुणी लग्न होऊन लांब गेलेल्या, कुणाला कागद पोचलाच नाही, कुणी भीतीने घराबाहेर पडल्या नाहीत. त्यांच्या नावांवर रक्कम तशीच आहे. त्यांच्यासाठी मी अर्ज केला तर बाई म्हणाल्या, "तुम्ही कोण? तुम्ही आरोपी आहात."

आपल्या कॉलेजचा तक्ता सुधारून गेला. जमातीच्या मुली, बावीस.

बाईंनी कॉलेजला त्याच दिवशी मैनाचा दाखला द्यायला लावला, खऱ्या तारखेचा. मी, मैना आणि गंगाबाई रिक्षाने कॉलेजात गेलो. मला आत जायला मनाई आहे, म्हणून मी खिडकीच्या बाहेर उभी राहिले. त्या बाजूने मी ती खिडकी पहिल्यांदाच बघितली. ती फार उंच आहे गं. मैनाला टाचा उचलाव्या लागतात.

माझ्या जागी निनाद म्हणून नवा मुलगा आलाय. चांगला वाटला. त्याने नाव लिहिलं, जात लिहिली, तारीख लिहिली, मग विचारलं, "सोडण्याचं कारण?"

मैना म्हणाली, "लिवा, स्कॉलरशिप आली नाय."

तो अडखळला. मागच्या टेबलावरून कुणीतरी त्याला काहीतरी म्हणालं. त्याने लिहिलं आणि कागद बाहेर सरकवला. मैनाने वाचला. 'घरगुती कारण.'

मी निनादला म्हणाले, तिने सांगितलं ते लिही. तो हळूच म्हणाला, "मॅडम, माझं कंत्राट आहे." मैनाने माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. "ऱ्हावू दे. तारीख बरोबर हाय ना?"

तारीख बरोबर होती. यंदाचे नर्सिंगचे प्रवेश बंद होऊन बारा दिवस झाले होते. तिला सहावा महिना आहे. पुढच्या वर्षी बाळ लहान असेल. नवरा सोडेल का, मी विचारलं. तिने दाखल्याची घडी घातली.

मग आम्ही स्टँडवर आलो. आपट्याच्या गाडीला वेळ होता. गंगाबाई नळावर पाणी प्यायला गेली, तेव्हा मी मैनाला एक गोष्ट सांगितली. ती मी तुला कधी सांगितलेली नाही. बाबांना नाही, चौकशीत नाही. कारण चौकशीत ती कुणी विचारलीच नाही. उद्या ती मी लेखी देणार आहे, पण मैनाला आधी सांगायची होती.

पहिल्या वर्षीची तिची शिष्यवृत्ती का आली नाही, ते.

तिचा अर्ज माझ्याकडे मंजुरीला आला होता. आधारकार्डावर तिचं नाव 'मयना' होतं आणि मार्कशीटवर 'मैना'. एक हमीपत्र घेऊन तो पुढे पाठवता आला असता. ती रोज खिडकीसमोरून वर्गात जायची, मान तिरकी करून मला 'गुडमॉर्निंग मॅडम' म्हणायची. मी रोज म्हणायचे, हिला थांबवून सही घ्यायला हवी. शेवटची तारीख गेली. मग शेऱ्याच्या जागी मी लिहिलं, 'विद्यार्थिनीने त्रुटीची पूर्तता केली नाही.' तिला त्रुटी आहे हे कुणी कळवलंच नव्हतं. कळवायचं होतं ते मी.

मी असं का केलं, याचं कारण मी तीन वर्षं शोधते आहे. कुणी मला सांगितलं नव्हतं. कुणी पैसे देणार नव्हतं. नोकरीचा प्रश्न नव्हता. कामं होती, पण ती रोजच असतात. तुझ्या मैत्रिणीच्या जागी आपल्या आळीतली एखादी मुलगी असती तर मी खिडकीतून हाक मारली असती, असं आता वाटतं. 

मैनाने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, चिडली नाही. दाखल्याची घडी हातात होती, तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"सहीला किती टाइम लागला आसता, मॅडम?"

"पाच मिनिटं."

 तेवढ्यात आपट्याची गाडी लागली. गंगाबाईने पिशव्या उचलल्या, मैनाने पोटाशी हात धरून पायरीवर पाय ठेवला. मी आधार द्यायला पुढे झाले. तिने माझा हात बाजूला केला आणि स्वतःच दांडा धरून वर चढली.

आई